भ्रमणध्वनी खाली ठेवल्यावर



प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. 'भ्रमणध्वनी खाली ठेवा आणि निसर्गाकडे वळा' या विषयावर आम्ही बोलावे, असे या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला कळविले, ते भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून. तो संदेश आम्ही वाचला तेव्हा आम्ही आमच्या गच्चीत उभे होतो. समोर रस्त्याच्या कडेला बहावा नखशिखान्त फुललेला होता. संदेश वाचून आम्ही लगेच होकार कळविला. मग आणखी दोन संदेश पाहिले, एक विनोद वाचला, कोणा परिचिताच्या सहलीची छायाचित्रे न्याहाळली, आणि खाली आलो. जिना उतरताना ध्यानात आले की, एवढ्या अवधीत आम्ही त्या बहाव्याकडे एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. तेव्हा रोगावर बोलण्यासाठी आपण वैद्याला नव्हे, रोग्याला पाचारण केले आहे, हे ध्यानी ठेवून आमचे बोलणे ऐकावे.

'भ्रमणध्वनी' हा शब्द ज्या कोणी घडविला त्याच्या विनोदबुद्धीला आम्ही दाद देतो. भ्रमण करतो तो ध्वनी. माणूस आहे तेथेच बसून राहतो. लोकांच्या तोंडी तो शब्द बसला नाही, मोबाइल हाच बसला, आणि आम्हीही यापुढे तोच वापरणार आहोत. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून या देशातील मोबाइलसेवेचा शुभारंभ केला, तेव्हा ते केवळ बोलण्याचे साधन होते. बोलणे संपले की साधनाचे काम संपले. कुणी टेलिफोनकडे तासन् तास पाहत बसल्याचे आपण कधी ऐकले होते काय? पुढे त्याला डोळे फुटले, पडदा आला, आणि २०१६ च्या सुमारास इंटरनेट स्वस्त झाल्यावर तो पडदा गुराख्यापासून गणिताच्या प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या हाती आला.

येथे आम्हांला या यंत्राची निंदा करावयाची नाही. शिवी देऊन मोकळे व्हावे असे ते क्षुद्र नाही. आमच्या गावचे शेतकरी बाजार समितीचे भाव त्यावर पाहतात. परदेशी गेलेल्या मुलाचे तोंड म्हातारी आई त्यावर रोज पाहते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाची सोय केली आहे. वीज कोठे पडण्याचा संभव आहे, ते ती आगाऊ सांगते. वळवाच्या दिवसांत शेतात काम करणाऱ्याने मोबाइल घरी ठेवून जावे असा उपदेश जो करील तो त्याच्या जिवाशी खेळेल. आमचे म्हणणे इतकेच की, कामासाठी उचललेले हत्यार काम झाल्यावर खाली ठेवता आले पाहिजे. विळा खाली ठेवता येतो, कुऱ्हाड ठेवता येते. हे एकच हत्यार असे आहे की, काम झाल्यावरही ते हाताला सोडत नाही.

का सोडत नाही? आपले मन दुबळे म्हणून, असे आपण समजतो आणि स्वतःला दोष देतो. तो दोष पुरता आपला नव्हे. पूर्वी वर्तमानपत्राला शेवटचे पान असे. पुस्तकाला प्रकरणे असत. नाटकाचा पडदा पडत असे. २००६ साली आझा रास्किन नामक अमेरिकन तंत्रज्ञाने अशी युक्ती काढली की, पडद्यावरचे पान संपूच नये. बोट सरकवीत राहावे आणि खालून नवे येत राहावे. विहिरीवरचा रहाटसुद्धा पाणी संपले की रिकामा येतो. येथे पोहरा कधी रिकामा येत नाही. या युक्तीबद्दल त्याने पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. पण बाण सुटून गेला होता. आपण तासभर त्यात अडकलो की आपल्या आळसाला बोल लावतो. पण थांबण्याची जागाच काढून टाकलेल्या रस्त्यावरून आपण चालत आहोत, हे कोणी सांगत नाही.

थांबण्याची जागा नसेल तर ती आपण निर्माण करावी, हा विचार आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाला सुचला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, शिक्षण मोबाइलवर आले, आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातातून मोबाइल काही सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गावाने ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद होतील, ते ८॥ वाजेपर्यंत. आधी गावातील स्त्रियांची सभा झाली. मग शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडीच्या सेविका घरोघर जाऊन समजावू लागल्या. दीड तास मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढीच अपेक्षा. या वार्तेचा पुढे देशभर, देशाबाहेरही गाजावाजा झाला. आम्हांला त्यातले भोंग्याचे महत्त्व विशेष वाटते. एकट्याने केलेला निश्चय दुसऱ्या दिवशी ढिला पडतो. गावाने मिळून केलेला टिकण्याचा संभव अधिक. एकादशी एकट्याने धरणे आणि घराने धरणे यांतला फरक आपल्या माताभगिनींना सांगावयास नको.

तथापि एक प्रश्न उरतो. हात रिकामा झाला, त्याला द्यावयाचे काय? लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेताना शहाणी आई दुसऱ्या हाताने खुळखुळा पुढे करते. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर घराबाहेर आहे. आणि हे आम्ही भाविकपणे म्हणतो असे कोणी समजू नये. १९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचे जुने कागद तपासले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्याने निवडले. त्यांतील निम्म्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. शस्त्रक्रिया एक, रुग्णालय एक, तरी झाडे दिसणारे रोगी सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामके कमी लागली. रोगी थोडे होते हे खरे. परंतु रुग्णालयाच्या खिडक्यांकडे पाहण्याची तज्ज्ञांची दृष्टी तेव्हापासून पालटली.

दुसरा दाखला मुलांच्या डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर सोडले. औषध नाही, नुसते उघड्यावर. तीन वर्षांनी बाहेर न सोडलेल्या मुलांत शेकडा ३९॥ जणांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. बाहेर सोडलेल्यांत शेकडा ३०. चाळीस मिनिटांची ही किंमत आहे. चष्म्याच्या दुकानाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी हा आकडा पाठ करावा असा आहे.

आता आपण म्हणाल, निसर्गाकडे लोक जातच आहेत. सुट्टी आली की घाटरस्ते तुंबतात. जातात खरे, पण हातातले खाली ठेवून जातात का? येथे आम्हांला काजव्यांची हकीकत सांगावीशी वाटते, कारण हे व्याख्यान संपून तीन-चार आठवडे लोटले की त्यांचाच हंगाम येणार आहे.

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की सह्याद्रीच्या कुशीत, भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या अकोले तालुक्यातील परिसरात, तसेच राजमाचीच्या रानात काजवे प्रकटतात. पाऊस धो धो सुरू झाला की हा उत्सव संपतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे खालपासून शेंड्यापर्यंत लुकलुकतात. आणि आश्चर्य असे की पुष्कळदा सगळे झाड एकदम उजळते, एकदम विझते, जणू झाडच श्वास घेत आहे. काजव्याच्या पोटात एक द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश निघतो. आपल्या दिव्यासारखा तो तापत नाही. पण हे दिवे आपल्या करमणुकीसाठी नव्हेत. उडता नर आपल्या जातीच्या ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतात किंवा पानाआड बसून त्याला उत्तर देते. त्यांचे लग्न या खुणेवर जुळते. काजव्याचे आयुष्य बहुतांशी मातीत, अळीच्या रूपात जाते. ती अळी गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर मिळतात ते थोडे आठवडे. या थोड्या रात्रींत जोडीदार सापडला तर पुढच्या वर्षी काजवे, नाही तर नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या नातवाला घेऊन असे एक झाड पाहावयास गेलो. नातू नऊ वर्षांचा. रस्त्यावर मोटारींची रांग, प्रत्येकीचे दिवे लागलेले. झाडाखाली शंभरएक माणसे, आणि त्यांच्या हातांत शंभरएक मोबाइल. कोणी विजेरी लावून वाट शोधत होते, कोणी लखलखाट करून छायाचित्र घेत होते. काजव्याचा प्रकाश मोबाइलच्या छायाचित्रात सहसा नीट येत नाही. म्हणून पुन्हा लखलखाट, पुन्हा निराशा. इकडे झाड क्षणाक्षणाला मंद होत होते. ज्या अंधारात मादीने नराची खूण ओळखावयाची तो अंधारच आम्ही सर्वांनी मिळून पुसून टाकला होता. आणि ज्या गवतात ती बसलेली असावी त्या गवतात आम्ही उभे होतो. आमच्याही हातात मोबाइल होता, हे येथे सांगितले पाहिजे. घरच्या मंडळींना छायाचित्र पाठविण्याचे आम्ही कबूल करून आलो होतो.

आमच्याबरोबर त्या गावचा एक मुलगा वाट दाखवावयास आला होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, ते खिशात घाला आन् माझ्यासंगं चला." त्याने आम्हांला रस्त्यापासून लांब, ओढ्याच्या अलीकडे, बांधावर नेऊन बसविले. पहिली पाच मिनिटे काही दिसेना. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावयास वेळ लागतो, आणि पडद्याकडे एकदा पाहिले की सगळी कमाई फुकट जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नातू कंटाळला, घरी चला म्हणू लागला. मग हळूहळू समोरचे झाड दिसू लागले, त्याच्यामागचे दिसू लागले, मग ओढ्याचा सारा काठच. नातवाने आमचे मनगट धरले, आणि किती वेळ धरून ठेवले ते आम्हांला सांगता येणार नाही, कारण घड्याळही मोबाइलमध्येच होते. त्या रात्रीचे आमच्याजवळ एकही छायाचित्र नाही. घरी गेल्यावर त्याबद्दल बोलणी खाल्ली.

अलीकडे वनखात्याने काजवे पाहणाऱ्यांच्या गर्दीवर काही निर्बंध घातले आहेत, ते योग्यच आहे. आम्ही तर म्हणतो, रस्त्यावरच मोबाइल जमा करून घ्यावेत, जसे देवळाबाहेर जोडे ठेवतो तसे. या सूचनेवर लोक हसतात. जोड्यांबद्दल कोणी हसत नाही.

एक आक्षेप तरुण मंडळी घेतात, तोही ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, मोबाइलमुळेच आम्हांला झाडांची, पक्ष्यांची नावे कळतात. झाडासमोर धरला की नाव सांगतो, पक्ष्याचा आवाज ऐकविला की पक्षी सांगतो. खरे आहे. आमच्या तरुणपणी डॉ. सालिम अलींचे १९४१ साली निघालेले पक्ष्यांवरचे पुस्तक दुसऱ्याकडून उसने आणावे लागे. आज हजारो हौशी लोक आपल्या पक्षीनोंदी मोबाइलवरून पाठवितात, आणि त्यांवरून कोणता पक्षी कोठे वाढला, कोठे घटला, याचा अभ्यास होतो. पण आम्ही आमच्या भाचीबरोबर टेकडीवर गेलो असता काय झाले ते सांगतो. तिने एका झाडासमोर मोबाइल धरला, "अंजन आहे," म्हणाली, आणि पुढे चालू लागली. नाव कळले; झाड राहून गेले. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ लगडले होते. नाव विचारल्यावर माणूस ओळखीचा होतो असे नाही. त्याच्याकडे चार वेळा जावे लागते.

आता शेवटची गोष्ट. ती सांगावी की न सांगावी याचा आम्ही बराच विचार केला. पण रोग्याने आपला रोग लपवून व्याख्यान देणे बरे नव्हे.

आमचे वडील सातारा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी. पावसाचा अंदाज ते कावळ्याच्या घरट्यावरून, बहाव्याच्या फुलोऱ्यावरून आणि मुख्यतः पावशावरून करीत. पावशा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पाहिलेला मात्र फार थोड्यांनी. कबुतराएवढा, राखी रंगाचा, शिक्र्यासारखा दिसणारा. कोकिळेच्या कुळातला, आणि त्याच कुळाच्या रीतीने आपली अंडी दुसऱ्याच्या, सातभाईंच्या घरट्यात घालणारा. चैत्र-वैशाखापासून तो ओरडू लागतो, आणि पाऊस जवळ आला की रात्रीसुद्धा थांबत नाही. एकेक सूर चढत जातो आणि शेवटी गळा चिरल्यासारखा तुटतो. आपल्या शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येते. हिंदी मुलखात त्याच आवाजात 'पी कहाँ' ऐकतात. बंगाल्यांना तो 'चोख गॅलो', म्हणजे 'डोळे गेले' असे म्हणताना ऐकू येतो. साहेबाने त्याचे नावच ब्रेन-फीवर बर्ड, मेंदूज्वराचा पक्षी, ठेवले. पक्षी एकच, ज्याची त्याची काळजी वेगळी.

अखेरच्या वर्षांत वडिलांचे कान पार गेले होते. २०१९ च्या जून महिन्यात ते अंथरुणाला खिळले आणि आम्ही गावी जाऊन राहिलो. त्या वर्षी मॉन्सून केरळातच ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा आला, आणि मग 'वायू' चक्रीवादळाने त्याला अडकवून ठेवले. ओसरीवर वडिलांची खाट, शेजारी आम्ही खुर्चीत. रोज संध्याकाळी ते विचारीत, "पावशा बोलला का?" आम्ही मोबाइलवर उपग्रहाची चित्रे पाहत असू. वादळ कोठे आहे, ढग कोठे आहेत, सारे आम्हांला ठाऊक होते. आम्ही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत असू, "मॉन्सून अजून खालीच आहे." ते मान हलवीत आणि गप्प राहत. त्यांनी मॉन्सूनचे विचारलेच नव्हते.

एके दिवशी त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही पडद्यावरून मान वर न करता, त्यांचे समाधान व्हावे म्हणून, "हो, बोलला" असे सांगून टाकले. त्यांच्या तोंडावर हसू आले. मग त्यांनी विचारले, "कोणत्या बाजूला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही ऐकलेच नव्हते. घराच्या मागे आंबा होता, पुढे कडुलिंब, ओढ्याकडे उंबर. पक्षी खरोखर बोलत होता की नव्हता हेही आम्हांला सांगता आले नसते. आम्ही अंदाजाने ओढ्याकडे बोट दाखविले. त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरविले. माणूस बहिरा झाला तरी त्याला खोटे कळते. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पाच दिवसांनी ते गेले. पाऊस त्यांच्या दहाव्याच्या सुमारास आला.

आम्ही तेव्हापासून एक लहान वही ठेवली आहे. दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी झाली, रस्ते निपचित पडले, आणि पुण्यामुंबईसारख्या शहरांतही लोक खिडकीत उभे राहून, हा कोण ओरडतो, असे एकमेकांना विचारू लागले. त्या वर्षी वहीची पाने पुष्कळ भरली. पुढे मोटारी पुन्हा सुरू झाल्या आणि ऐकणे पुन्हा कठीण झाले. आमचा नेम साधा आहे: सकाळी उठल्यावर पहिली वीस मिनिटे मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळात राहतो आणि आम्ही गच्चीत. आठवड्यातून दोन-तीनदा हा नेम मोडतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मोडला की वहीतली ती ओळ कोरी राहते, एवढीच शिक्षा. घरात कोणीतरी एकाने, शक्य तर लहान मुलाने, अशी वही ठेवून पाहावी. डोंगर लागत नाही, अरण्य लागत नाही. रस्त्यावरचा एक गुलमोहर किंवा शेजारच्या अंगणातला शेवगा पुरतो.

या वहीत तीन रकाने आहेत: तारीख, वेळ आणि बाजू. यंदाची पावशाची पहिली नोंद एप्रिलमधली आहे: पहाटे पाच वाजण्याच्या सुमारास, पश्चिमेस, कालव्यापलीकडच्या आंब्यातून.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळ उभे असू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मुलांना घेऊन यावे आणि मोबाइल घरी ठेवून यावे. वाट चुकण्यासारखी नाही.